सिसिलीतलं चेफालू: आईबाबांना घेऊन पाच रात्री राहण्यासारखं आहे का?

केतकी_ठाणे

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आईबाबांना घेऊन इटलीला जायचं घाटतंय. बाबा ७२, रेल्वेतून निवृत्त. दोन वर्षांपूर्वी डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. सपाटीवर तासभर चालतात, पण जिने आले की दम लागतो. आई ६७, शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. दोघांचाही हा पहिलाच परदेश प्रवास.

दादाचं म्हणणं, पहिल्यांदा जाताय तर रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस करा, पुन्हा जाणं होईल न होईल. पण बाबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मला एका जागी बसून समुद्र बघायचाय. रोज सकाळी बॅग भरायला लावू नकोस." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

म्हणून शोधता शोधता चेफालूवर येऊन थांबले. इटलीच्या सिसिली बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, पालेर्मो या तिथल्या राजधानीच्या पूर्वेला ७० किलोमीटरच्या आत. वस्ती साधारण चौदा हजार. मागे उभा कातळ, पुढे वाळूचा किनारा, मधे जुनं गाव आणि बाराव्या शतकातलं कॅथेड्रल. बहुतेक लोक पालेर्मोहून सकाळी येतात आणि संध्याकाळी परत जातात. मला तिथेच पाच रात्री राहायचंय. पाच रात्री जास्त होतील का? आईला खायला काय मिळेल? बाबांना झेपेल का? जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

अवंती_म्युनिक

केतकी, अजिबात मागे हटू नकोस. मी दोनदा राहिलेय, एकदा तीन रात्री आणि एकदा सात. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा हे गाव पाहुण्यांचं असतं, त्याआधी आणि त्यानंतर गावकऱ्यांचं. दिवसभरासाठी येणाऱ्यांना ही दुसरी वेळ दिसतच नाही. सकाळी सातला पोर्ता पेस्कारापाशी (जुन्या तटबंदीतला समुद्राकडे उघडणारा दरवाजा) जाऊन उभं राहायचं. छोट्या होड्या, ओली वाळू, दोनचार आजोबा पोहून बाहेर येत असतात. संध्याकाळी तिथूनच समोर सूर्य बुडतो, कारण गावाचा तो भाग पश्चिमेकडे तोंड करून आहे.

सप्टेंबरअखेर पाणी उन्हाळाभर तापलेलं असतं, आरामात डुंबता येतं. फक्त एखाद्या दिवशी वादळी पाऊस येऊ शकतो, तेवढी तयारी ठेवा.

भटक्या_कोथरूड

मी थोडा विरोधी सूर लावतो. आम्ही ऑगस्टमध्ये गेलो होतो. कोर्सो रुज्जेरो या मुख्य रस्त्यावर चालायला जागा नव्हती, दर दुसरं दुकान फ्रीजला लावायच्या चुंबकांचं. किनाऱ्यावर छत्र्यांच्या रांगा, बसायचं तर भाडं. जुन्या गावातली कितीतरी घरं आता पर्यटकांना भाड्याने दिली जातात. मला पालेर्मो जास्त जिवंत वाटलं. तिथे राहून चेफालूला एक दिवस पुरे. मुलांना घेऊन गेलेल्या माणसाचं हे प्रामाणिक मत.

अवंती_म्युनिक

@भटक्या, ऑगस्ट म्हणजे तिथला गणपती आणि दिवाळी एकत्र. सगळी इटली सुट्टीवर असते. त्यावरून गावाबद्दल मत बनवलंत तर गावावर अन्याय होईल. शिवाय छत्र्यांच्या मधे मोकळ्या किनाऱ्याचे पट्टेही आहेत, तिथे आपला पंचा अंथरून फुकट बसता येतं.

खवय्यी

आईच्या जेवणाचं मी सांगते. मी स्वतः शाकाहारी आहे आणि सिसिलीत माझं जेवढं छान झालं तेवढं उत्तर इटलीत झालं नाही.

पहिलं नाव लक्षात ठेव: पानेल्ले. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ पाण्यात शिजवून घट्ट पिठलं करतात, ते थापून थंड करतात, मग काप करून तळतात. म्हणजे आपल्या पाटवड्या तळल्या तर काय होईल, ते! त्यात अजमोदासारखी पार्सली असते. तिळाच्या पावात घालून वर लिंबू पिळून देतात. पालेर्मोत तर रस्त्यावर सर्रास मिळतात. तुझी आई पहिल्याच घासाला म्हणेल, "अगं, हे तर आपलंच."

मग कापोनाता: तळलेली वांगी, सेलरी, ऑलिव्ह, केपर, टोमॅटो, व्हिनेगर आणि साखर. आंबटगोड. पास्ता आल्ला नोर्मा: वांगी, टोमॅटो, तुळशीची इटालियन बहीण आणि किसलेलं खारवलेलं रिकोत्ता चीज. तिकडे सुका पास्ता ड्युरम गव्हाचा आणि पाण्यात मळलेला असतो, त्यात अंडं नसतं. ताजा पास्ता असेल तर मात्र विचारायचं.

आता सावध राहायच्या जागा. अरांचिना, म्हणजे भाताचा तळलेला गोळा, यात 'आल बुर्रो' नावाचा प्रकार असतो. बुर्रो म्हणजे लोणी, म्हणून आपण निर्धास्त घेतो, आत हॅमचे तुकडे असतात. स्फिंचोने हा जाड पाव-पिझ्झा साधा दिसतो, त्यात बहुधा अँचोव्ही मासा असतो. कान्नोली म्हणजे रिकोत्ता भरलेली गोड नळी, तिच्या पिठात पारंपरिक पद्धतीने डुकराची चरबी वापरतात आणि तळतातही त्यातच. बऱ्याच चीजमध्ये प्राणिज रेनेट (दूध फाडायला वासराच्या पोटातून काढलेलं द्रव्य) असतं, ते आईला चालतं का हे आधी घरीच बोलून घ्या.

ग्रानीता, म्हणजे आपल्या बर्फाच्या गोळ्यासारखा गोड गारवा, मात्र बिनघोर. बदामाची किंवा लिंबाची, दूध नाही, अंडं नाही. सोबत ब्रिओश पाव देतात त्यात अंडं असतं, तो बाबांना द्यायचा.

नाना_हर्णैकर

शाकाहारींचं झालं. मासे खाणाऱ्यांसाठी कोणी लिहील का?

खवय्यी

नाना, माझे यजमान लिहितात असं म्हणून दोन ओळी: सार्डिन आणि रानबडीशेपेचा पाला घातलेला पास्ता, त्यात बेदाणे आणि चिलगोज्यासारख्या पाइनच्या बिया. आणि तलवार मासा, पातळ काप करून भाजलेला. ते अजून त्याच आठवणीत आहेत.

वास्तुरंग

कॅथेड्रलबद्दल कोणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. चेफालूला जायचं खरं कारण मला तेच वाटतं.

११३१ साली नॉर्मन राजा दुसरा रोजर याने ते बांधायला घेतलं. समुद्रात वादळात सापडला, सुखरूप किनाऱ्याला लागला म्हणून नवस फेडला, अशी दंतकथा सांगतात. हे नॉर्मन म्हणजे उत्तरेतून आलेले लढवय्ये. त्यांच्या आधी दोनशे वर्षं या गावावर अरबांची सत्ता होती, त्याआधी बायझंटाइन (म्हणजे पूर्व रोमन साम्राज्य), त्याआधी रोमन आणि ग्रीक. रोजरने आधीच्यांचं पुसून टाकलं नाही, सगळ्यांच्या कारागिरांना कामाला लावलं. म्हणून इमारत उत्तरेच्या धाटणीची, आतली मोझेक (रंगीत तुकडे जडवलेली) चित्रं बायझंटाइन हातांची, आणि लाकडी छतावर अरबी वळणाची चित्रं. २०१५ साली पालेर्मो आणि त्याच्याजवळच्या मोनरेआलेच्या कॅथेड्रलबरोबर याला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली ती याच मिश्रणासाठी.

आत शिरल्यावर थेट समोर, गाभाऱ्याच्या अर्धगोलात, सोनेरी पार्श्वभूमीवर ख्रिस्ताची अर्धाकृती आहे. बायझंटाइन चर्चमध्ये हे रूप घुमटात वर असतं. इथे घुमटच नाही, म्हणून ते गाभाऱ्यात उतरलं आणि माणसाच्या समोर आलं. डाव्या हातात उघडा ग्रंथ आहे. एका पानावर ग्रीक, दुसऱ्यावर लॅटिन, दोन्हीकडे वाक्य तेच: "मी जगाचा प्रकाश आहे." या भागातलं काम ११४८ साली पूर्ण झाल्याचं तिथल्याच लेखात नोंदलंय. कपाळावर केसांच्या दोन बटा सुटून आल्यात, त्या जरूर बघा. एवढ्या भव्य चित्रात त्या बटांनी चेहऱ्याला माणूसपण दिलंय. मी बाकावर अर्धा तास बसून होतो.

आणि एक हळहळ लावणारी गोष्ट. रोजरला स्वतःला इथेच पुरायचं होतं. त्यासाठी त्याने जांभळट पोर्फिरी दगडाच्या दोन शवपेट्या इथे ठेवल्या. ११५४ मध्ये तो वारला तेव्हा त्याला पालेर्मोत पुरलं. पुढे त्याचा नातू दुसरा फ्रेडरिक याने त्या पेट्याही पालेर्मोला नेल्या. चेफालूकडे राजा आला नाही, चर्च मात्र राहिलं.

केतकी, चौकातून चर्चकडे जायला पायऱ्या आहेत, पण थोड्याच, रुंद आणि उथळ. बाबा सावकाश चढतील.

भटक्या_कोथरूड

वास्तुरंग, सुंदर लिहिलंत. आम्ही आत पंधरा मिनिटं होतो, मुलांना भूक लागली होती. आता वाईट वाटतंय. तरी मोनरेआलेची भव्यता वेगळीच ना?

वास्तुरंग

आहेच. तिथे सहा हजार चौरस मीटरहून जास्त मोझेक आहे, भिंतभर कथा. माझ्या मनाला चेफालूचं एकच चित्र जास्त भिडलं. मोनरेआले बघताना मान दुखते, इथे नजर एका जागी ठरते.

नाना_हर्णैकर

फोटो बघितले. मागचा तो कातळ पाहून सुवर्णदुर्गाची नाही पण रत्नागिरीच्या किल्ल्याची आठवण झाली. वर किल्ला आहे का हो?

मुसाफिर_नाशिक

आहे नाना. ला रोक्का म्हणतात, साधारण २७० मीटर उंच. गावाचं नावच त्यावरून पडलं. ग्रीकमध्ये 'केफाले' म्हणजे डोकं, हा कातळ म्हणजे समुद्रात घुसलेलं डोकं. निम्म्या वाटेवर डायनाचं देऊळ म्हणतात ती अजस्र दगडांची वास्तू आहे, तिच्या आत त्याहून जुनी पाण्याची टाकी. माथ्यावर किल्ल्याचे अवशेष. आकाश स्वच्छ असेल तर क्षितिजावर एओलियन बेटं दिसतात. आमच्या इकडचे गड चढलेल्याला अवघड नाही, पण दगड गुळगुळीत झालेत, पाऊस पडला की वाट बंद करतात. तिकीट आहे. पाणी घेऊन जा, वर काही मिळत नाही.

केतकीताई, बाबांना यात अजिबात पाडू नका. चढ सोपा गेला तरी उतरताना गुडघा बोलतो. त्याऐवजी खालून समुद्राच्या कडेने कापो मार्कियाफावाच्या बुरुजावर न्या. सपाट आहे आणि समोर नुसता समुद्र. त्यांना जे हवंय ते तिथे आहे.

डॉक्टर_गौरी

गुडघ्यासाठी दोन सूचना. जुन्या गावातल्या गल्ल्यांत गोटे बसवलेत, ते झिजून तुळतुळीत झालेत, म्हणून रबरी तळव्याचे बूट आणि घडीची काठी न्या, काठी लागत नसली तरी. आणि घर घेताना कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का, हे लेखी विचारून घ्या. जुन्या घरांतले जिने अरुंद आणि उभे असतात.

पंतोजी

इटलीचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातले, १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, हा तेव्हाचा सर्वोच्च शौर्यपुरस्कार, मिळाला. नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी मिळाला. मोंतोने गावात घाडग्यांच्या स्मरणार्थ २०२३ मध्ये सूर्यघटिका उभारली. इटलीला जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला हे माहीत असावं असं मला वाटतं.

नाना_हर्णैकर

पंतोजी, हे वाचून बरं वाटलं. माझे आजोबा फौजेत होते. हे सिसिलीजवळ आहे का?

पंतोजी

नाही नाना, मध्य इटलीत, पेरुजाच्या बाजूला. सिसिलीपासून बरंच लांब. केतकीच्या सहलीत बसणार नाही.

शब्दवेडी

अवांतरात माझीही भर. इटालियन 'अरांचा' म्हणजे संत्रं, हा आपला 'नारंग' आहे. संस्कृतातून फारसीत 'नारंग', तिथून अरबीत 'नारंज', अरबांबरोबर सिसिली. कडू नारिंगाची झाडं तिथे अरबांनीच रुजवली. आणि खवय्यीताईंनी सांगितलेला अरांचिना म्हणजे 'छोटं नारिंग', रंगाआकारावरून. आईंना सांगा, नाव आपल्याकडूनच गेलंय!

चेफालूच्या वरच्या डोंगरात जिबिलमान्ना नावाचं मातेचं मंदिर आहे. त्यातलं 'जिबिल' म्हणजे अरबी 'जबल', डोंगर. जिब्राल्टरमधलं 'जिब्र' तेच.

मुसाफिर_नाशिक

शब्दवेडी, मग 'मान्ना' कुठून?

शब्दवेडी

ते बहुधा झाडांतून! त्या भागात मान्ना अजून निघतो. जाणकारांनी सांगावं.

अवंती_म्युनिक

मी बघितलाय, सांगते. चेफालूच्या मागे मादोनिए डोंगररांग आहे, पिझ्झो कार्बोनारा हे तिचं १९७९ मीटरचं शिखर एटना ज्वालामुखीनंतर सिसिलीत सगळ्यात उंच. त्या उतारांवर पोल्लिना आणि कास्तेलबुओनो या गावांच्या शिवारात अॅशची झाडं आहेत. ऐन उन्हाळ्यात, जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत, शेतकरी खोडाला वाकड्या सुरीने आडवी चीर देतो. रस पाझरतो, आधी निळसर आणि कडवट, मग उन्हात वाळून पांढरा आणि गोड होतो. झाडाला जणू मेणबत्तीचे ओघळ लटकलेत असं दिसतं. आता काही जण चिरेखाली पत्र्याची छोटी पन्हळ ठोकून दोरा सोडतात. रस दोऱ्यावरून ठिबकतो, खोडाला लागत नाही, त्यामुळे माल स्वच्छ मिळतो.

एक पाऊस आला की सगळं विरघळून जातं. मी भेटलेले शेतकरी आजोबा बोलता बोलता सारखे आकाशाकडे बघत होते. आपल्या आंबेवाल्यांसारखंच. हे काम करणारे हात कमी होत चाललेत, नवी मुलं फारशी येत नाहीत. मी दोन पुड्या घेतल्या. चव हलकी गोड, थोडी मधासारखी, जिभेवर थंडावा. जास्त खाल्लं तर पोट साफ होतं, हे त्यांनीच हसत सांगितलं.

डॉक्टर_गौरी

अवंती, अंगावर काटा आला वाचून. आम्ही अतिदक्षता विभागात मेंदूची सूज उतरवायला जे मॅनिटॉल शिरेतून देतो, त्याचं नाव या मान्नावरूनच आलंय! ती साखर आधी या रसातच सापडली. आता कारखान्यात दुसऱ्या साखरेपासून बनवतात. थंडीत बाटलीत स्फटिक धरतात, मग बाटली कोमट करून स्फटिक विरघळवून द्यावी लागते. वीस वर्षं मी हे करतेय आणि याच्या मागे कुठेतरी एक झाड आणि एक सुरी आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

नाना_हर्णैकर

धागा असावा तर असा. केतकीबाई बाजूला राहिल्या आणि आम्ही सगळे सिसिलीला पोचलो.

केतकी_ठाणे

नाना, मी सगळं वाचतेय आणि वहीत उतरवतेय! गाडी भाड्याने घ्यावी का? मला चालवता येते, पण उजव्या बाजूने कधी चालवली नाही.

भटक्या_कोथरूड

माझा अनुभव सांगतो. घेतली होती आणि पस्तावलो. इटलीतल्या जुन्या वस्त्यांत 'झेडटीएल' म्हणून विभाग असतात, परवानगी नसलेल्या गाड्यांना तिथे बंदी. पाटी लहान, वर कॅमेरा. एका गावात आम्ही हॉटेल शोधत दोनदा आत शिरलो. पाच महिन्यांनी पुण्यात दंडाची दोन पत्रं आली, आणि त्याआधीच गाडीच्या कंपनीने पत्ता कळवल्याबद्दल कार्डावरून वेगळे पैसे कापले होते. चेफालूत राहणार असाल तर गाडी नकोच, स्टेशन जुन्या गावापासून पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे.

मुसाफिर_नाशिक

+१. बाबा रेल्वेतले आहेत म्हणता, मग प्रश्नच मिटला. पालेर्मो चेंत्राले ते चेफालू गाडीने तासाभराचा प्रवास, रूळ समुद्राला धरून. जाताना डाव्या हाताची खिडकी पकडा. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यायला विसरू नका, नाहीतर दंड. कास्तेलबुओनोला स्टेशनाजवळून बस जाते. रविवारी बसेस फार कमी, तो दिवस टाळा.

अवंती_म्युनिक

कास्तेलबुओनो नक्की करा. वेंतिमिल्या घराण्याने १३१६ साली बांधायला घेतलेला किल्ला गावातच आहे, आतल्या प्रार्थनागृहात संत अॅनाचे अवशेष जपलेत, ती गावाची रक्षक. या गावाने २००७ साली अरुंद गल्ल्यांतला कचरा उचलायला गाढवं लावली होती.

सुशांत_पालघर

ऑगस्टमधल्या जत्रेबद्दल कोणीच लिहिलं नाही! चेफालूचा उत्सव ६ ऑगस्टला असतो. समुद्रावर आडवा लांब खांब बांधतात, त्याला साबण आणि चरबी फासतात, टोकाला झेंडा. पोरं एकामागून एक त्यावरून चालत जातात आणि धपाधप पाण्यात पडतात. जो झेंडा धरेल तो जिंकला. 'न्तिन्ना आ मारी' म्हणतात. आपली दहीहंडी आडवी करून समुद्रात ठेवली असं समजा. आमच्या पथकातल्या पोरांना व्हिडिओ दाखवला तर म्हणाले, दादा, पुढच्या वर्षी व्हिसा काढा.

खवय्यी

त्याच दिवसाचं पक्वान्न म्हणजे 'पास्ता आ तायानु': मातीच्या भांड्यात वांगी, मांस, टोमॅटो, चीज यांचे थर. तायानु हे भांड्याचं नाव, मोरोक्कोच्या ताजिनचा भाऊबंद. बिनमांसाचा थर कोणी घरी करून बघितला तर कळवा.

रेवा_बंगळूर

पालेर्मोत एखादी रात्र काढणार असाल तर एक गोष्ट आवर्जून. तिथे श्रीलंकेतून आलेल्या तमिळ लोकांची मोठी वस्ती आहे. मोंते पेल्लेग्रिनो डोंगरावर गुहेत सांता रोझालिया या नगररक्षक संतेचं स्थान आहे. तिथे हे हिंदू तमिळही अनवाणी डोंगर चढून दर्शनाला जातात. मी रविवारी गेले होते. गजरे माळलेल्या बायका मेणबत्ती लावत होत्या. परक्या मुलुखात माणसाला आधार लागतो आणि तो जिथे मिळेल तिथे माणूस हात जोडतो. मला तिथे रडू आलं.

केतकी_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. तिकिटं काढली. पालेर्मोत एक रात्र, चेफालूत पाच. दादाही आता गप्प झालाय. आल्यावर लिहीनच.

केतकी_ठाणे

धागा वर आणतेय. आम्ही परत आलो, दोन आठवडे झाले. सविस्तर लिहिते.

आधी वाईट ते सांगते. डॉक्टर गौरींचा सल्ला मी पाळला होता. लिफ्ट आहे असं मालकाने लेखी दिलं होतं. पोचलो तर लिफ्ट नाही, दुसरा मजला, जिना शिडीसारखा. बाबा काही न बोलता कठडा धरून चढले, त्यामुळे मला जास्तच लागलं. रात्रभर झोपले नाही. सकाळी भांडून पैसे परत मागितले, अर्धेच मिळाले, आणि स्टेशनच्या बाजूला तळमजल्यावरची खोली घेतली. जाणाऱ्यांनी फक्त शब्दावर विसंबू नका, लिफ्टचा फोटो मागवा.

त्यानंतरचे दिवस मात्र माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. बाबा रोज पहाटे उठून एकटेच बुरुजावर जायचे. तिसऱ्या दिवशी तिथल्या गळ टाकून बसणाऱ्या एका आजोबांनी त्यांच्यासाठी घडीची खुर्ची आणली. भाषा शून्य, पण बाबांनी मोबाइलमध्ये आमच्या लोको शेडचे फोटो दाखवले, त्यांनी नातवंडांचे. चौथ्या दिवशी पाऊस कोसळला आणि बाबा खिडकीत उभे राहून म्हणाले, "आज म्हातारा आला नसेल."

आईला पानेल्ले इतके आवडले की तिने गाडीवाल्या बाईला खुणांनी विचारून कृती घेतली. बाईने कढईत लाकडी उलथनं कसं फिरवायचं ते करून दाखवलं. आईने हाताने सांगितलं, आम्हीही असंच फिरवतो. काल घरी केले, जिरं घालून. खवय्यीताई, तुमच्या यादीने आम्हाला दोनदा वाचवलं.

मुसाफिर, रोक्कावर मी एकटी पहाटे जाऊन आले. वास्तुरंग, त्या दोन बटा आईला दाखवल्या. ती म्हणाली, "आत्ताच समुद्रावरून आल्यासारखा दिसतोय." मला नवं काही बोलायचं उरलं नाही.

ज्याबद्दल इथे कोणीच लिहिलं नव्हतं ते मला लिहायचंय: जुनं धुणीघर, लावातोयो. रस्त्यावरून वळणदार दगडी पायऱ्या खाली उतरतात. खाली कमानीखाली कातळातून आलेलं चेफालीनो नदीचं पाणी २२ तोंडांतून पडतं, त्यातली १५ सिंहमुखं. दगडी हौद, हौदांना कपडे घासायचे उतरते काठ. गावातल्या बायका गेल्या शतकापर्यंत इथेच धुणं धूत होत्या. प्रियकराच्या मृत्यूवर रडणाऱ्या अप्सरेच्या आसवांची ही नदी, अशी कथा आहे. बाबांना त्या पायऱ्या उतरायच्याच होत्या. माझा खांदा धरून उतरले. आई हौदाच्या काठावर हात फिरवत राहिली. म्हणाली, "आजीच्या गावच्या नदीवरचा दगड असाच झिजलेला होता. किती बायकांचे हात लागले असतील." मग दोघं गप्प बसून पाण्याचा आवाज ऐकत होते. वर पर्यटकांचे गट फोटो काढून दोन मिनिटांत जात होते. आम्ही पाऊण तास होतो.

मूळ प्रश्नाचं उत्तर: पाच रात्री जास्त नाहीत. जिन्याच्या भानगडीत आमची एक गेली, म्हणून मला तर कमीच पडल्या. भटक्या, तुम्ही म्हणता ती चुंबकांची दुकानं आहेत, दुपारी गर्दीही आहे. आम्ही तेव्हा खोलीत झोपायचो, गावातली बरीच दुकानंही तेव्हा बंद असायची.

भटक्या_कोथरूड

केतकी, माझं मत मी मागे घेतो. आईवडिलांना घेऊन ऑक्टोबरमध्ये जायचं बघतोय. दुपारी दुकानं बंद म्हणजे आम्हा पुणेकरांना घरच्यासारखं वाटेल.

डॉक्टर_गौरी

बाबा जिना चढले हे वाचून धस्स झालं. गुडघा कसा आहे आता?

केतकी_ठाणे

छान आहे डॉक्टर. दोन दिवस सूज होती, शेक घेतला. रोज बुरुजापर्यंत चालून उलट मोकळा झाला म्हणतात.

आणि नाना, तुमच्यासाठी एक गोष्ट राखून ठेवली होती. मांद्रालिस्का संग्रहालयात गेलो होतो. एकोणिसाव्या शतकातल्या एका सरदाराचा हा संग्रह, त्यात वीस हजारांहून जास्त शिंपले आहेत. लोक जातात ते अंतोनेल्लो दा मेस्सिनाने रंगवलेल्या अनोळखी माणसाच्या हसऱ्या चित्रासाठी. बाबा मात्र एका मातीच्या भांड्यापुढे थांबले. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं. त्यावर मासेवाला मोठ्या सुरीने ट्यूना कापतोय, आणि समोर एक गिऱ्हाईक हातात नाणं धरून उभं आहे.

नाना_हर्णैकर

वा! गिऱ्हाइकाने नाणं मुठीत धरलंय की पुढे केलंय? त्यावरून भाव ठरला होता की नाही ते कळेल.

केतकी_ठाणे

बाबांना विचारलं. म्हणतात, दाखवलंय, पण दिलेलं नाही.